न चाललेली पावलं

मी पट्टा बोलतोय. कमरेचा पट्टा, पण पँट सावरणारा नव्हे, आणि मिरवायचा तर मुळीच नव्हे. म्हाताऱ्या माणसाच्या कमरेला मला बांधतात, मागून कोणीतरी मला धरतं, आणि मग तो माणूस चालतो. चालताना तोल गेला तर दंड धरायचा नसतो, खांदा निखळतो. सदरा धरायचा नसतो, सदरा फाटतो. मला धरायचं असतं. मी फाटत नाही, निखळत नाही आणि कुरकुरतही नाही. आज मात्र थोडी कुरकुर करणार आहे, तेवढी ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. जाड सुती वीण, चार बोटं रुंदी, एका टोकाला दातांचं लोखंडी बक्कल. दुसरं टोक त्या दातांतून ओढून घेतलं की बक्कल मला असं काही चावतं की सुटता सुटत नाही. एका खोक्यातून आम्ही बारा भावंडं म्हाताऱ्यांच्या ह्या घरात आलो. दोन मजले, बेचाळीस खाटा, मजल्याला एक लांब पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला मोठी खिडकी. इथे माणसं दोन दिवसांसाठी येत नाहीत. येतात ती वर्षानुवर्षं राहतात.

भावंडांचं काय झालं ते विचारू नका. एकाने धुण्याचं गाठोडं बांधलं, एक औषधांच्या गाडीच्या मोडक्या दाराला अडकला, दोघांनी मिळून एक गळकी बादली उचलून धरली. ज्याला जे हवं ते त्याने आमच्याकडून करून घेतलं, फक्त माणसं चालवून घेतली नाहीत. माझं नशीब थोर म्हणून मी ताईच्या हाती लागलो.

ताईचं काम चालवायचं. तेवढंच. महिन्यातून एकदा व्यायामाचे डॉक्टर येतात, माणसाला उभं करतात, चार पावलं टाकून दाखवतात, कागदावर सही करतात आणि जातात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. मिळालेली चार पावलं टिकवायची, त्यांची पाच करायची. रोज, न चुकता. पी हळद अन् हो गोरी, असं हे काम नाही. दोन दिवस सोडलं तर पाय चार दिवसांचं विसरतात. नियमाप्रमाणे ह्या कामाला दोघी हव्या होत्या. आल्या दीड, म्हणजे ताई पूर्ण आणि दुसरी अर्धा दिवस. नव्याचे नऊ दिवस झाले आणि ती अर्धीही निघून गेली.

ताई मला कशी धरायची ते सांगतो, कारण ते सगळ्यांना येत नाही. लोक वरून मूठ मारतात. ताई खालून बोटं घालायची, तळवा वर. ओढायची नाही, ढकलायची नाही. "मी फक्त आहे," असं म्हणायची. मग समोरचा माणूस आपलं पाऊल शोधेपर्यंत थांबायची. कधी कधी एका पावलासाठी पाच मिनिटं. मला त्या पाच मिनिटांचा कधी कंटाळा आला नाही.

तिच्या माणसांतले माझे सगळ्यात लाडके म्हणजे मास्तर. पन्नास वर्षं शिवणकाम केलेले, खुब्याचं हाड मोडून इथे आलेले. पहिल्याच दिवशी ताईने मला त्यांच्या कमरेला लावलं, तर त्यांनी मला उलटा करून पाहिलं.

"कोणी शिवलंय हे? बक्कलापाशी महिन्याभरात उसवेल."

"मास्तर, तुम्ही उभे राहा आधी."

"उभा राहतो गं. पण मी पडलो तर ह्या शिवणीपायी पडेन, पायांपायी नव्हे, एवढं लिहून ठेव."

लेकीकडून त्यांनी सुई-दोरा मागवला आणि खाटेवर बसून मला दुहेरी टीप घातली. आणि आपल्या कमरेला जिथे बक्कल बसतं तिथे लाल दोऱ्याचा एक टाका घातला. "ही माझी खूण," म्हणाले. "दुसऱ्याला बांधशील तेव्हा पुढे-मागे कर." तेव्हापासून मी नावाला घराचा आणि मनाने मास्तरांचा.

मास्तरांना घरी जायचं होतं. घरी म्हणजे लेकीकडे. ती एकटी राहायची, पॅकिंगच्या कामावर जायची, आणि तिचं घर पहिल्या मजल्यावर होतं. जिना सतरा पायऱ्यांचा, लिफ्ट नाही. एकदा बापाला सतरा पायऱ्या चढता आल्या की ती त्याला नेणार होती. ह्यात आडपडदा नव्हता, तिला खरंच न्यायचं होतं. मास्तर रोज सकाळी विचारायचे, "ताई, सतराला किती राहिल्या?" आणि अजून तर धड जमिनीवरच चालता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी दोन पावलं टाकून ते बसले. "हे पाय माझे आहेत की शेजाऱ्याचे?" म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात अकरा झाली. मग वीस, मग तीस. अडीच महिन्यांनी एके दिवशी खोलीच्या दारापासून थेट खिडकीपर्यंत, चाळीस पावलं. खिडकीपाशी बाक होता. तिथे त्यांना बसवून ताई चाकांची खुर्ची आणायची आणि परत खोलीत न्यायची. जायचं चालत, यायचं खुर्चीतून, असा शिरस्ता. त्या दिवशी लेक आली होती, ती बाकावर बापाशेजारी बसून रडली.

"जिन्याला डावीकडून कठडा बसवून घेते," ती म्हणाली. "मला दीड महिना द्या, बाबा. तोवर तुम्ही पायऱ्या शिका."

"माझ्याकडून दीड महिना पक्का," मास्तर म्हणाले.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या दोन आया काम सोडून गेल्या. मेट्रनबाई ताईकडे आल्या आणि म्हणाल्या, "आजच्या दिवस मजल्यावर ये." मजल्यावर म्हणजे भरवायचं, आंघोळी घालायच्या, चादरी बदलायच्या, कुशीवर वळवायचं. ताई गेली. मी पॅसेजच्या भिंतीवर खुंटीला राहिलो. दुसऱ्या दिवशीही आजच्या दिवस, तिसऱ्या दिवशीही आजच्या दिवस. त्या आजच्या दिवसाला संध्याकाळच नव्हती.

माझ्या खुंटीशेजारी चालवण्याचे तक्ते टांगलेले असत. माणसागणिक एक कागद, दिवसागणिक एक चौकोन. आज किती पावलं, किती मिनिटं, दमले का. तीन दिवस चौकोन कोरे राहिले आणि मेट्रनबाई तिथे ताईला घेऊन आल्या.

"हे कोरे का?"

"मॅडम, तीन दिवस मी मजल्यावर आहे. तुम्हीच ठेवलंय."

"ते मला माहीत आहे गं. वरच्या साहेबांना माहीत नाही. त्यांना कोरं दिसलं की ते म्हणणार, हे काम होतच नाही, मग जागा कशाला? तुझी जागा गेली की ह्यांना चालवणारं नावालाही कोणी उरणार नाही. तूच विचार कर."

मेट्रनबाई वाईट नव्हत्या. त्या आठवड्यात त्यांनी स्वतः शौचाची भांडी उचलली होती, त्यांचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. ताईने विचार केला. तिला वाटलं, काम वाचवायचं तर काम झालं असं लिहावं लागेल. हे तिचं तेव्हाचं शहाणपण. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण ह्या घरात भल्याभल्यांना ते पटतं. तिने मास्तरांच्या चौकोनात लिहिलं, "चाळीस पावलं. दमले नाहीत." आणि माझ्याकडे बघत पुटपुटली, "दुपारी चालवतेच त्यांना." दुपार आली आणि गेली.

आता पुढचं सांगतो ते विश्वास बसण्यासारखं नाही, पण मी पट्टा आहे, मला रंगवून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, भर उजेडात, खुंटीवर टांगलेलं असताना माझं बक्कल आवळलं. आपोआप. माझ्यात कोणाची तरी कमर होती. मी आजवर शेकडो कमरांना बसलोय. कमर श्वासाबरोबर फुगते, बसते, आणि तिला ऊब असते. ही फुगत होती, बसत होती, ऊब मात्र नव्हती. मी खुंटीवरच होतो आणि तरी पॅसेजमधून ओढला जात होतो. पावलं वाजत होती, एक नीट, एक घासत. उजवा पाय घासायचे ते मास्तर. चाळीस पावलं झाली, खिडकीपाशी आवाज थांबला आणि बक्कल सैल झालं.

मास्तर त्या वेळी आपल्या खोलीत खाटेवर पडलेले होते. दार उघडं होतं, मला ते दिसत होते.

मी मनाची समजूत घातली, जुन्या सुताला होतात भास. पण दोन दिवसांनी ताईने पलीकडच्या आजींची पंचवीस पावलं लिहिली, एका कंडक्टर आजोबांची तीस लिहिली, आणि त्या सकाळी मी तीनदा आवळलो. जे कागदावर चालत होतं ते कुठेतरी चालतच होतं. लोक म्हणतात कागदी घोडे नाचवले. नाचवा खुशाल, पण त्यांच्या टापा मी ऐकल्यात.

माझ्याशिवाय हे पहिल्यांदा कळलं ते फरशी पुसणाऱ्या मावशींना. त्यांची पॅसेज पुसायची वेळ अकराचीच. ओल्या फरशीवर त्यांना पावलं उमटलेली दिसली, खोल्यांपासून खिडकीकडे जाणारी. परत येणारी एकही नव्हती. मावशींनी ती पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसली. तिसऱ्या दिवशी त्यांनी बादली भिंतीला लावून ठेवली आणि पदर सावरून बाजूला उभ्या राहिल्या.

"जा बाबांनो, वाट मोकळी आहे," असं हळूच म्हणाल्या. "पण त्या टोकाला किती जण उभे राहाल? परत आणायला तुम्हाला कोण येणार आहे?"

त्यांचं खरं होतं. जायचं चालत, यायचं खुर्चीतून, आणि खुर्ची न्यायला कोणी जात नव्हतं. तक्त्यात परत येण्याचा चौकोनच नाही. खिडकीची काच बाहेर ऊन असतानाही धुरकट व्हायला लागली, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, चार-पाच ठिकाणी. बाकावर कोणी बसेनासं झालं. कोणी तसं ठरवलं नव्हतं, फक्त बसेनात.

मास्तर आतून सगळं सोसत होते. ताई भरवायला आली की विचारायचे, "ताई, आज मला चालवलंस का गं?"

"नाही हो मास्तर. उद्या नक्की."

"मग पोटऱ्या का भरून येतात? अकरा वाजले की नुसता दम लागतो. कोण चालवतंय मला?"

ताई पुढचा चमचा भरायची. मग पुढच्या खाटेवरून हाक यायची आणि ती उठायची.

एकच आकडा रोज लिहिला तर त्यावरही प्रश्न येतो, की ह्यांची प्रगती का थांबली? म्हणून चाळीसचे पंचेचाळीस झाले. मग पायऱ्या आल्या. शिकायच्या पायऱ्या म्हणजे कोठीतला चार पायऱ्यांचा लाकडी जिना, त्याच्यावर कितीतरी दिवस चादरींचे गठ्ठे रचलेले होते. ताईने सोमवारी सकाळी आठवड्याभराचं लिहून टाकलं, "पायऱ्या चार. कठड्याचा आधार." मंगळवारी कोठी उघडली तर गठ्ठे खाली जमिनीवर होते, घडीसुद्धा न मोडता नीट ओळीने ठेवलेले. मजल्यावरच्या सगळ्यांनी एकमेकींना विचारलं, हे कोणी केलं? ताईने विचारलं नाही. तिने गठ्ठे उचलून पुन्हा जिन्यावर रचले.

लेक रविवारी संध्याकाळी यायची, तिला तेवढीच सुट्टी. त्या वेळी सगळेच खाटेवर असतात, त्यामुळे बाप पडलेला दिसला तर तिला नवल वाटायचं नाही. येताना ती माझ्यापाशी थांबून तक्ता वाचायची. मग हसतच आत जायची.

"बाबा, पंचेचाळीस! आणि चार पायऱ्या!"

"मी चालत नाही गं," मास्तर म्हणायचे.

"असं काय करता? तिथे लिहिलंय ना."

"लिहिलंय खरं."

"मग? तुम्ही विसरता हल्ली. चालून आल्यावर झोप लागत असेल."

मास्तर आपल्या पायांकडे बघायचे. पायजम्यात काठ्या राहिल्या होत्या. "असेल," म्हणायचे. जन्मभर ज्याने दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवला नाही, तो माणूस आपल्याच पायांबद्दल कागदाला विचारायला लागला. मला त्या "असेल"चा इतका राग आला की काय सांगू. पण मी पट्टा, खुंटीवर.

कठडा बसला. मंगळवार ठरला. लेक पावणेअकराला आली, नवीन बूट घेऊन. मेट्रनबाईंनी सकाळीच निघण्याचा कागद तयार करून, तक्ता त्याला जोडून, फाइल वर पाठवून दिली होती. फाइलीत लिहिलं होतं, "चालत घरी गेले." बाकी राहिलं होतं ते फक्त चालत घरी जाणं.

ताईला मजल्यावरून बोलावलं. तिने मला खुंटीवरून काढलं. मला मास्तरांच्या कमरेभोवती घेऊन तिने टोक ओढलं. लाल टाका बक्कलापाशी आला, आणि पुढे सरकला. चार बोटं पुढे. तेवढे मास्तर कमी झाले होते.

"चला, बाबा," लेक म्हणाली.

मास्तर उठले. मी ताईच्या बोटांवर ताणला गेलो. क्षणभर ते उभे होते, मग गुडघे मिटले. ताईने मला धरून त्यांना हळूच खाटेवर बसवलं. लेक हसली, घाबरल्यावर हसतात तशी.

"काय झालं? आज बरं नाही का ह्यांना?"

"दीड महिना मी ह्यांना उभंसुद्धा केलं नाही," ताई म्हणाली. तिने मान वर केली नाही. "जे लिहिलं ते सगळं खोटं लिहिलं. मला मजल्यावर घेतलं होतं. पण लिहिलं मी, माझ्या हाताने."

लेकीच्या हातातले बूट खाली आले. "आणि माझे बाबा सांगत होते," ती म्हणाली. "मी त्यांना खोटं पाडलं."

तेवढ्यात अकरा वाजले. मी मास्तरांच्या कमरेला होतो, आणि बक्कल आवळलं. एका पट्ट्यात दोन कमरा. एक उबदार, थरथरणारी, आणि तिच्या आतून उठणारी एक गार. मास्तर कळवळले. ती दुसरी कमर उठली, माझ्यातून निघाली आणि दाराबाहेर पडली. पॅसेजमध्ये पावलं वाजायला लागली, एक नीट, एक घासत.

लेकीने ती ऐकली. मला माहीत आहे, कारण ती म्हणाली, "बाबा?" आणि ते तिने खाटेकडे बघून म्हटलं नाही, पॅसेजकडे बघून म्हटलं. पावलं पंचेचाळीसवरही थांबली नाहीत. खिडकीपाशी वळली आणि जिन्याकडे गेली. फाइलीत लिहिलंच होतं तसं. लेक खाली पडलेल्या बुटांकडे बघत राहिली, मग तिने एकदा खाटेकडे बघितलं, आणि ती त्याच जिन्याने निघून गेली. ताईला वाटलं रागाने गेली. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

त्या दुपारी ताईने तक्त्यांवरचा एकेक खोटा चौकोन खोडून त्यावर "चालवलं नाही" असं लिहिलं. आजींचा, कंडक्टर आजोबांचा, सगळ्यांचा. दुसऱ्या दिवशी अकराला पॅसेज शांत होता, आणि मावशींनी खिडकीची काच पुसली ती पुसलेलीच राहिली. मास्तरांचा तक्ता मात्र फाइलीबरोबर वर गेला होता. तो खोडता आला नाही.

ताई मेट्रनबाईंसमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी खोडलेले तक्ते एकेक करून पाहिले. मंगळवारी त्याही पॅसेजमध्येच होत्या, त्यांनी काय ऐकलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

"अकरा ते बारा तुला कोणी दुसऱ्या कामाला लावणार नाही," शेवटी म्हणाल्या. "मजल्याकडे मी बघते. पण मास्तरांचा कागद परत येईपर्यंत त्यांची खाट कागदोपत्री रिकामी धरलेली आहे. त्यांना तक्ता नाही मिळणार."

"नकोच," ताई म्हणाली.

असे आम्ही पुन्हा सुरू झालो. रिकाम्या खाटेवरचा माणूस, मी आणि ताई. बाकीच्यांचं चालवून झालं की बारा वाजायच्या आत मास्तर. पहिला आठवडा नुसतं उभं राहायचं. मग एक पाऊल, मग तीन. कुठेही लिहायचं नव्हतं. मला इतकं हलकं आजवर कधी वाटलं नव्हतं, ताईलाही वाटलं नसावं.

लेक मात्र आली नाही. एक रविवार, दोन रविवार, तीन. मास्तर संध्याकाळभर दाराकडे तोंड करून बसायचे. चौथ्या सोमवारी ताईने नर्सच्या टेबलावरून तिला फोन लावला. परत येऊन ती मास्तरांच्या खाटेशी बसली.

"काय म्हणाली?" मास्तरांनी विचारलं.

ताईने खोटं न बोलायचं ठरवलेलं होतं. "म्हणाली, बाबा इथे छान आहेत. रोज अकराला जिना चढून येतात, कठडा धरून. खुर्चीत बसतात, म्हणून मी कामाची पाळीही दुपारची करून घेतली. पहिले दोन दिवस भीती वाटली, म्हणाली, आता बरं वाटतं. घरात कोणीतरी आहे म्हणाली."

"आवाज कसा होता तिचा?"

"बरेच दिवसांनी झोप झालेल्या माणसासारखा."

मी मास्तरांच्या कमरेलाच होतो. त्यांचा श्वास माझ्यात वर-खाली होत होता. मला वाटलं आता हा माणूस मिटणार. न मागणारा, न पडणारा, कधी आजारी न होणारा बाप तिला घरपोच मिळाला होता. ह्या हाडामांसाच्या बापाची तिला गरजच काय?

"टेबलावरचा फोन किती पावलांवर आहे?" मास्तरांनी विचारलं.

"एकोणीस. खुर्चीतून नेते ना मी."

"नको. तिला सांगायचंय की चालत आलो. खोटं तिला एकदा सांगून झालंय."

एकोणिसाला सव्वा महिना लागला. एका सकाळी आम्ही टेबलाशी पोचलो. मास्तर घामाने निथळत होते, मीही ओला झालो होतो. ताईने नंबर लावून दिला आणि बोटं माझ्यात तशीच ठेवली. फोन मास्तरांच्या कानाशी होता, आणि एवढ्या शांततेत पलीकडचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

"बाळ, मी बोलतोय. फोनपर्यंत चालत आलो. एकोणीस पावलं. खरी."

 पलीकडून लेकीचा आवाज, मऊ, अगदी स्वस्थ. "कोण हवंय आपल्याला?"

"अगं मी. बाबा."

"बाबांशी बोलायचंय होय? थांबा हं, देते."

फोन खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग पावलं आली, एक नीट, एक घासत. कोणीतरी फोन उचलला. कोणीतरी खाकरलं, आणि ते खाकरणं मी ओळखलं, कारण ते रोज माझ्यात उठतं. मास्तरांच्या कमरेवर माझं बक्कल एका दाताने आणखी आवळलं.

ताई घाबरून फोन काढून घ्यायला निघाली. मास्तरांनी हाताने तिला थांबवलं. बराच वेळ त्यांनी तो श्वास ऐकला.

"बसला आहेस तर बस," मग ते म्हणाले. दुकानात हटून बसलेल्या गिऱ्हाइकाशी बोलत असतील तसे, शांतपणे. "तिला एकटं वाटू देऊ नकोस. पण ती खुर्ची माझी आहे. मी येतोय."

त्यांनी फोन ठेवला. "ताई, परतही चालतच जाऊ," म्हणाले. आणि आम्ही आलो, वाटेत दोनदा थांबून.

माझी आता फार वर्षं राहिलेली नाहीत. कडा विरल्या आहेत, बक्कलाचे दोन दात झिजलेत, पुढच्या खोक्यातून नवे पट्टे येतील आणि मी कुठल्यातरी गाठोड्याला लागेन. त्याचं दुःख नाही. तुमचं कोणी अशा घरात असेल तर तुम्हाला एवढंच सांगतो, रविवारी संध्याकाळी येऊ नका. साध्या दिवशी सकाळी अकराला या. भिंतीवरचं वाचत बसू नका, आत जा आणि त्याला म्हणा, उठा, मला दाखवा. उठता आलं नाही तर रागवा, भांडा, रडा, पण तो काय सांगतो ते ऐका. आणि जमलं तर ताईला एक जोडीदारीण मिळवून द्या.

कोठीतला लाकडी जिना आम्ही गठ्ठे काढून मोकळा केला आहे. कागद अजून वरून आलेला नाही. मास्तर आज एकतीस पावलं चालले आणि तीन पायऱ्या चढले, मी कमरेला होतो, मी मोजल्यात. सतराही चढतील, मला त्याची शंका नाही. वर पोचल्यावर ते बेल वाजवतील. दार उघडायला कोण येईल, ते मात्र मला माहीत नाही.